दम न लागलेली कुस्ती

निघोज्याच्या कोंडीराम वस्तादाला जगात दोनच माणसं बरी वाटायची. एक त्याचा मेलेला बाप आणि दुसरा तो स्वतः. बाकी सगळी दुनिया त्याच्या लेखी फुसकी. भोसरीच्या पैलवानांना तो ‘दुधावरची साय’ म्हणायचा, चाकणच्यांना ‘कांद्याची पात’, आणि पुण्याचं नाव निघालं की काही न बोलता नुसता थुंकायचा. तालमीच्या दारात दगडावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची सालं काढणं हा त्याचा रोजचा उद्योग होता, आणि त्यात त्यानं कधी खाडा केला नाही.

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला पिंपरीकडं कंपन्या उठायला लागल्या, तसं ह्या उद्योगाला नवं गिऱ्हाईक मिळालं. गावातली तरणी पोरं निळे कपडे घालून, सायकलीला डबा अडकवून कामाला जाऊ लागली. कोंडीराम त्यांना वाटेत अडवायचा. “काय रं, वाजला का भोंगा? भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर खायचं, भोंग्यावर मुतायचं! अरं, आमचा बैल बरा की, मनाला येईल तवा मुततो तरी.” पोरं खाली मान घालून पायडल मारायची. पगार झाला की तीच पोरं तालमीसाठी तेलाचा डबा आणायची. वस्ताद तो ठेवून घ्यायचा आणि वर म्हणायचा, “ठिव तिकडं. कंपनीचं तेल, अंगाला घाण मारंल.”

आता खोटं कशाला बोला, कुस्तीत माणूस पक्का होता. स्वतः लढायचं थांबल्यावर तो पंच म्हणून उभा राहू लागला, आणि चाकणपासून आळंदीपर्यंत कुठल्याही गावची जत्रा असो, मैदानात पंच कोण, असा प्रश्नच कुणी काढत नसे. त्याचं कारण एकच, नुरा. दोन पैलवानांनी आधीच आतून ठरवून कुस्ती करायची, पब्लिकला वाटावं जिवाची लढाई चाललीय, आणि हार-जीत मात्र आदल्या दिवशीच झालेली, ह्याला नुरा म्हणतात. कोंडीरामच्या नजरेतून एकही नुरा सुटली नाही. तो दोघांच्या मानगुटीला धरून त्यांना मैदानाबाहेर काढायचा आणि हजार माणसांत त्यांची अब्रू काढायचा. एकदा कोंडीरामनं नुरा म्हटलं, की त्या पैलवानाला पुढं कुठलीही जत्रा कमिटी लढायला जोड देत नसे. त्याची पारख सोपी होती आणि ती तो सगळ्यांना मोठ्यानं सांगायचा. “लढला त्याला दम लागतो. ज्याला दम लागला न्हाई, त्यो लढलाच न्हाई. ह्यात इचार करण्यासारखं काय हाय?”

त्याच्या तालमीत सगळ्या जातीची पोरं होती. कोंडीरामनं जातपात कधी पाहिली नाही. तुच्छतेत त्यानं सगळ्यांना सारखंच वागवलं. ह्याच पोरांत मीरासाहेबचा शफी होता. मीरासाहेब चाकणच्या नाक्यावर ट्रकची चाकं दुरुस्त करायचा, तो लवकर वारला. मागं राहिले शफी आणि त्याची आई रहिमाबी. रहिमाबी गावची सुईण. मराठ्यांची असो, माळ्यांची असो की महारवाड्यातली, निघोज्यातली पोरं तिच्याच हातावर जन्माला यायची. कोंडीरामची थोरली पोरगी शालनसुद्धा तिच्याच हातावरची.

शफीवर वस्तादाचा जीव होता. हे त्यानं कधी कबूल केलं नाही, पण दिवसभरातल्या शिव्यांतल्या निम्म्या शफीच्या वाट्याला यायच्या, त्यावरून सगळी तालीम काय ते समजून होती. पोरगं उंचपुरं, चपळ, डाव एकदा दाखवला की उचलणारं. तालमीच्या मातीच्या हौद्यात तो भल्याभल्यांना लोळवायचा. आणि मैदानात गेला की मातीत जायचा! जत्रा जवळ आली की ह्याची झोप उडायची. हलगी कडाडली की डोळे लाल, अंगाला कंप, शड्डू ठोकत मैदानाला फेऱ्यावर फेऱ्या, आणि हाताला हात लागायच्या आधीच स्वारीचा अर्धा दम खलास. चांगली जमत आलेली कुस्ती तो शेवटाला दमून हरायचा. कोंडीरामजवळ ह्याला औषध ठरलेलं होतं. आणखी जोर, आणखी बैठका, आणखी थंडाई, आणखी शिव्या. “वाघावानी जातंय आन् शेळीवानी येतंय,” तो म्हणायचा, आणि पुढच्या जत्रेत पुन्हा तेच व्हायचं.

मग भोसरीच्या मैदानात शफीचा खांदा निखळला. हाडवैद्यानं खांदा बसवला, लेप लावला, फडक्यानं बांधला. हाड बसलं, पण दुखणं जाईना. पोरगं खांदा सारखा आवळून धरायचं, झोपेतसुद्धा. मान आखडली, पाठ आखडली. कुशीवर वळलं की कळ, कळ आली की जाग, आणि जाग आली की एकच घोर. आता आपण मैदानातून उठलो! आईजवळ तो रडलासुद्धा. शफीला जगात दुसरं काही नको होतं. वस्तादानं एकदा मैदानात आपल्याकडं बघून मान डोलवावी, एवढंच त्याला हवं होतं. वस्ताद बघायला आला आणि दारातूनच बोलला, “बाईवानी कण्हतंय नुसतं. आमच्या टायमाला खांदे निखळायचे न्हाईत का?” आणि निघून गेला.

रहिमाबीनं पोराला पहाटे उठवून शेजारी बसवलं. ती स्वतः रोज नमाज झाल्यावर डोळे मिटून बसायची. तिचा आजा खेडकडं एका दर्ग्याची झाडलोट करायचा, त्यानं तिला लहानपणी हे लावलं होतं. बसायचं, आणि श्वास आत येतो तो बघायचा, बाहेर जातो तो बघायचा. ओढायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा तर मुळीच नाही. मन पळालं की त्याला न रागावता परत आणायचं. बाळंतिणीच्या घरी गेल्यावर, आत शिरायच्या आधीसुद्धा ती थोडी अशी बसायची. न बसता गेलं की हात कापतो, असं तिचं म्हणणं.

“कळ आली की तू अंग आवळतोस,” ती शफीला म्हणाली. “बाया बी तेच करत्यात. जेवढं आवळावं तेवढं पोर अडतं. कळेला येऊ दे. ती आली ते बघ, गेली ते बघ. तू काय करू नको.”

“अम्मा, मी काय बाळंत होणार हाय का?”

“झालास तर बरंच की,” रहिमाबी म्हणाली. “निदान सुटशील तरी.”

दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून पोरगं बसलं. आधी कंटाळलं, मग चिडलं, आणि मग एका पहाटे बसल्याजागी त्याला कळलं, की आपला खांदा आपणच धरून ठेवलाय. त्यानं तो सोडला. त्या दिवशी तो दुपारपर्यंत झोपला. त्यानंतर खांदा सुधरत गेला. चोळणं होतं, शेक होता, ते सगळं होतंच. पण आधी ते अंगाला लागत नव्हतं, आता लागायला लागलं. बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष सरता सरता तो पुन्हा लंगोट कसून तालमीत आला.

तालमीतही त्यानं बसणं सोडलं नाही. जोर झाले की मागच्या भिंतीला टेकून डोळे मिटायचा. कोंडीरामनं हे पाहिलं, चौकशी केली, आणि बसणं कुणी शिकवलं हे कळल्यावर त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. एवढा माल त्याला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. 

“ऐकलं का रं, समद्यांनी? आपला पैलवान सुईणीकडं कुस्ती शिकतोय! कळा देतोय कळा! अरं, गरम पाणी ठिवा कुणीतरी, डोकं दिसाय लागलंय!” सगळी तालीम लोळून हसली. शफी पण हसला, आणि हसून झाल्यावर त्यानं पुन्हा डोळे मिटले. वस्तादाला ह्याचा फार राग आला. शिवी लागू पडली नाही की त्याला अपमान झाल्यासारखं वाटायचं.

खरं म्हणजे हौद्यात रोज दिसत होतं. शफी आता तीन-तीन पोरांशी लागोपाठ खेळायचा, मधे घटकाभर बसला की ताजा व्हायचा. रग तीच, पण उधळमाधळ नव्हती. वस्ताद हे बघायचा आणि म्हणायचा, “बघा! माझ्या मालिशीचा गुण.” आपल्याला न समजलेल्या गोष्टीला नाव ठेवून तिचं फळ मात्र आपल्या नावावर लावायचं, ह्यात तो एकटा नव्हता म्हणा. दुनिया त्याच्यावरच चाललीय.

पुढच्या चैत्रात गावची जत्रा आली. शेवटची मानाची जोड शफी आणि भोसरीचा भिमाजी अशी लागली. भिमाजी म्हणजे मोठं धूड. वजनानं शफीच्या दीडपट, आणि ह्या भागात त्याला कित्येक वर्षांत कुणी चीत केलं नव्हतं. मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. बाभळींवर सुद्धा पोरं चढलेली. मधे पंच म्हणून कोंडीराम, डोक्याला गुलाबी फेटा. आपल्याच पठ्ठ्याच्या कुस्तीला तो पंच कसा, असं कुणी विचारलं नाही. कोंडीराम स्वतःच्या बापालासुद्धा सोडणार नाही, अशी त्याची ख्याती होती.

हलगी कडाडली. भिमाजीनं शड्डू ठोकले, मैदानाला फेरी मारली, पब्लिक उठून उभं राहिलं. आणि शफी कुठं आहे म्हणून बघावं, तर गडी कडेला मांडी घालून, डोळे मिटून बसलेला. लोकांना आधी वाटलं देवाचं नाव घेतोय. मग कुजबुज सुरू झाली. हलगीवाला चिडून त्याच्या कानाशी जाऊन वाजवायला लागला, तरी हा आपला शांत. नाव पुकारलं तेव्हा उठला, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि चालत मधे आला. शड्डू नाही, उडी नाही, काही नाही.

कुस्ती लागली. भिमाजीनं त्याला रेटत मैदानभर फिरवला, शफी फिरला. भिमाजीनं खाली घेतला, शफी खाली गेला. वर बसून भिमाजी मानेवर हाताचे घिस्से मारत होता, मान मोडायला बघत होता, आणि शफी खालून फक्त हात-पाय सांभाळत होता. पब्लिकमधून आवाज यायला लागले, “अरे लढ की! झोपलास का?” भिमाजी घामानं निथळत होता, भात्यासारखा फुसफुसत होता. रेटारेटीत दोघं कडेच्या माणसांत गेले, म्हणून कोंडीरामनं त्यांना सोडवून पुन्हा मधे आणून उभं केलं. तेवढ्या सवडीत शफीनं उभ्या उभ्या डोळे मिटले. एक-दोन श्वास, बस्स. हात भिडले. भिमाजी पुढं झेपावला, त्याचा तोल थोडा जास्त गेला, आणि शफी त्याच्या बगलेत शिरला. पुढच्या क्षणाला भिमाजी आभाळ बघत पाठीवर पडला होता.

एवढं मोठं धूड, इतक्या सहज? मग मागून कुणीतरी ओरडलं, “नुरा!” आणि एकानं ओरडल्यावर बाकीच्यांना काय, तोंड होतंच. “नुरा! नुरा!” चपला उडाल्या, माती उडाली. ज्यांना पट कुठला डाव आणि ढाक कुठला डाव हे ठाऊक नव्हतं, तेसुद्धा छातीवर हात मारून सांगत होते, की आपण आधीच ओळखलं होतं.

सगळे कोंडीरामकडं बघत होते. कोंडीराम शफीकडं बघत होता. शफी त्याच्यासमोर उभा होता, अंगाला माती, कपाळाला आठी नाही, आणि त्याची छाती हळू वर-खाली होत होती. त्याला दम लागला नव्हता. तो वस्तादाकडं बघत होता, आणि त्याला वाटत होतं, आता मान डोलेल.

वस्तादाच्या मनात त्या वेळी काय आलं, हे कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, काहीच नाही. डोळ्याला दिसलं ते बोललो. पण तेवढंच खरं नव्हतं. हा पोरगा आपल्या शिव्यांना भ्यायला नव्हता, आपली हलगी त्याला चढली नव्हती, आणि आपण ज्याची रेवडी उडवली तेच करून तो जिंकला होता. तो बाईचं ऐकून जिंकला असेल, ह्यापेक्षा तो लबाडीनं जिंकला असेल, हे वस्तादाला सोपं गेलं.

“नुरा हाय,” कोंडीराम म्हणाला. मग मोठ्यानं ओरडला, “नुरा हाय! दम न्हाई लागला भडव्याला! नीघ माझ्या मैदानातनं!”

“वस्ताद,” शफी म्हणाला, “परत लावा. आत्ता लावा. पाहिजे त्याच्याबरोबर लावा.”

“तोंड वर करून बोलतो? नीघ!”

भिमाजी तेवढ्यात उठून अंग झटकत होता. त्यानं एक शब्द बोलायचा होता, ‘नाही, मी खरा पडलो’ एवढाच. पण आपल्यापेक्षा हलक्या पोरानं चीत केलं म्हणून घरी जाण्यापेक्षा नुरा केली म्हणून शिव्या खात गेलेलं त्याला परवडलं. भोसरीला त्याची वट होती. दोन जत्रा गेल्या की लोक विसरणार, हे त्याला ठाऊक होतं. तो बोलला नाही. एवढा मोठा देह, आणि आत जीव एवढासा!

भिमाजीचं पुढं सगळं सुरळीत झालं. त्याचा भाऊबंद भोसरीच्या जत्रा कमिटीत होता. शफीला मात्र त्यानंतर कुणी जोड दिली नाही. आळंदीला गेला, नाव घेतलं नाही. मोशीला गेला, हात जोडून परत पाठवलं. “कोंडीराम वस्तादानं हाकललेला तू, आमी कसं घ्यायचं?” मग त्यानं लंगोट ठेवून दिला, काही दिवस पिंपरीत एका कंपनीत हेल्परकी केली, आणि शेवटी चाकणच्या नाक्यावर बापाच्या जागी टेम्पो-ट्रक दुरुस्तीचं गॅरेज टाकलं. ह्या सगळ्यात कोंडीरामची कीर्ती किती वाढली म्हणता! स्वतःच्या पठ्ठ्याला सोडलं नाही, अशी माणसं आता राहिली नाहीत, असं लोक एकमेकांना सांगायचे. त्याचे सत्कार झाले, शाली आल्या. शफी रस्त्यात भेटला की थांबून “वस्ताद” म्हणून मान लववायचा. कोंडीराम त्याचीही टर उडवायचा. “बघा, कणाच न्हाई पाठीला. मर्द असता तर दगड घातला असता माझ्या डोक्यात.”

अशी वर्षं गेली. शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ऐन उन्हाळ्याच्या दुपारी तिला कळा लागल्या आणि मूल अडलं. चाकणचा डॉक्टर कुठं लग्नाला गेलेला, पिंपरीला न्यायला गाडी मिळेना. कोंडीरामची बायको रुक्मिणीबाई नवऱ्याला न विचारता रहिमाबीला बोलावून घेऊन आली. रहिमाबी आता थकली होती. तिनं हातपाय धुतले, कोंडीरामकडं बघितलं नाही, आणि पडवीच्या पायरीवर भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसली.

आत पोरगी किंचाळत होती. कोंडीरामचा तोल सुटला. “अगं ए! बसतीस काय? पोरगी मरायला लागली माझी! ऊठ!” रहिमाबी हलली नाही. तो तरातरा तिच्या पुढं गेला, तिच्या खांद्याला धरून हलवणार, तेवढ्यात त्यानं तिचा चेहरा पाहिला. कपाळाला आठी नाही. ओठ मिटलेले, छाती हळू वर-खाली होतेय. हा चेहरा त्यानं आधी पाहिला होता. मैदानात, समोरासमोर, हाताच्या अंतरावर पाहिला होता. त्याचा हात तसाच राहिला.

रहिमाबी उठली आणि आत गेली. बराच वेळ तिचा आवाज येत होता, न चढता, न घाईला येता. “सोड पोरी. आवळू नको. येऊ दे तिला. हां. आता गेली बघ. आता निवांत पड, पुढची येईस्तवर मेल्यावानी पड.” कोंडीराम पडवीत उभा होता. आयुष्यभर त्यानं पोरांना रेट म्हणून सांगितलं होतं, पडून राहा म्हणून एकदाही सांगितलं नव्हतं. ऊन कलता कलता बाळ रडलं.

ती बाहेर आली तेव्हा तिचं लुगडं घामानं चिंब होतं, हात थरथरत नव्हते, आणि एवढी म्हातारी बाई एवढं करून धापा टाकत नव्हती.

“तुला दम न्हाई लागला?” कोंडीरामनं विचारलं.

“लागला की,” रहिमाबी म्हणाली. “पर मी त्याच्यामागं पळत न्हाई.” तिनं तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि मग पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. “ह्याच्यापायी माझ्या पोराला हाकललंत व्हय? एवढी वर्सं माणसं लोळवलीत, वस्ताद, आन् माणूस श्वास कसा घेतो ते तुमाला ठावं न्हाई. थू तुमच्या वस्तादकीवर.”

ती निघून गेली. त्या दिवसापासून कोंडीराम तालमीच्या दारात बसायचा बंद झाला. लोकांना वाटलं, नातू झाला म्हणून घरात रमलाय.

जत्रा आली. कोंडीराम नेहमीसारखा फेटा बांधून मैदानात गेला. बाहेरगावच्या कमिट्या, पिंपरीच्या कंपन्यांतली हातात ट्रान्झिस्टर घेतलेली पोरं, सगळी गर्दी जमली होती. भिमाजी पाहुणा म्हणून आला होता, त्याच्या गळ्यात हार. पहिली जोड लागायच्या आधी कोंडीरामनं हात वर करून हलगी थांबवली.

“ऐका,” तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. “मीरासाहेबाच्या शफीनं ह्या भिमाजीला हितं पाडला व्हता. म्या नुरा म्हटलं. ती नुरा न्हवती. ती खरी कुस्ती व्हती. एवढी खरी कुस्ती ह्या मैदानात झाली न्हाई. म्या चुकलो. शफीचं काय चुकलं न्हाई.”

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मागच्या पोरांनी विचारलं, “कोण शफी?” तर कुणीतरी सांगितलं, “तो रे, नाक्यावरचा, नुरा शफी.” हे नाव गावानं त्याला ठेवलं होतं, आणि ते वस्तादानं आज पहिल्यांदा ऐकलं.

कमिटीचे सोपानराव उठले, गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी वस्तादाच्या खांद्यावर हात ठेवला. “वस्ताद, आमाला समजतंय. रहिमाबीनं पोरीचं बाळंतपण केलं, तुमी उपकार फेडताय. मोठं मन हाय तुमचं. पर तुमची नजर कधी चुकली न्हाई, हे सगळ्या मुलखाला ठावं हाय.”

“चुकली म्हणून मीच सांगतोय ना!” कोंडीराम ओरडला. “ह्याला इचारा! भिमा, सांग. पडलास का न्हाई खरा?”

भिमाजीनं हार सारखा केला. “वस्ताद,” तो नम्रपणे म्हणाला, “तवा तुमी जे बोललात तेच खरं. म्या चूक केली, शिक्षा भोगली. आता ह्या वयात तुमच्या शब्दापुढं म्या काय बोलू?” 

पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. भिमाजीसाठी! कोंडीरामनं त्या तोंडाकडं पाहिलं, त्याच्यावर लबाडी ढळढळीत दिसत होती, पण ती बघायला सगळ्या मैदानात एकटी त्याचीच नजर होती. “म्हातारा हळवा झालाय,” कुणीतरी म्हणालं. दोघांनी त्याला धरून मांडवातल्या खुर्चीत बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला, आणि हलगी सुरू झाली.

तो तिथं बसला नाही. फेटा काखेत मारून तो चाकणच्या रस्त्याला लागला. वाटेत एका टेम्पोवाल्यानं ओळखून त्याला वर घेतलं आणि नाक्यावर सोडलं.

शफी एका ट्रकच्या चाकाजवळ उकिडवा बसला होता. वस्तादाला बघून उठला, हात पुसले, स्टूल पुढं केला. कोंडीराम बसला. त्याला फार धाप लागली होती. 

“म्या सांगितलं मैदानात,” तो म्हणाला. “ती कुस्ती खरी व्हती म्हणून. कुणी ऐकलं न्हाई.”

वस्ताद वाट बघत होता. कुणीतरी रडावं, पाया पडावं, नाहीतर निदान शिवी तरी द्यावी, ह्याची त्याला सवय होती.

“तुला काईच वाटत न्हाई का रं?”

“त्यांनी नुरा म्हटलं त्याचं मला कधीच काही वाटलं न्हाई, वस्ताद,” शफी म्हणाला. “त्यांना काय कळतंय? मी त्यांच्यासाठी लढलोच न्हवतो.” त्यानं चाकाचा एक नट उचलला, तो बोटांनी साफ केला. “तुम्ही समोर उभे व्हता. तुम्ही माझ्याकडं बघत व्हता.”

कोंडीरामनं तोंड उघडलं. आयुष्यभरात त्या तोंडातून काय काय निघालं होतं, पण आत्ता काही निघेना. शफीनं मैदानात पाहिलं होतं तसंच त्याच्याकडं पाहिलं. मग त्यानं हॉटेलवाल्याला हाक मारून वस्तादासाठी चहा सांगितला, पाना उचलला आणि तो ट्रकखाली शिरला.